मोतीबिंदू व काचबिंदूची एकत्रित शस्त्रक्रिया : फलिताचे मोजमाप

केंद्र शासनाने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा या कार्यक्रमाचा कणा राहिला आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबविण्यात आला. २०२२ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय नेत्रज्योती अभियानात तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. या प्रयत्नांचे यश निर्विवाद आहे. तथापि, शस्त्रक्रियांची संख्या हे यशाचे माप मोतीबिंदूला बऱ्याच अंशी लागू पडत असले, तरी ज्या रुग्णाला त्याच डोळ्यात काचबिंदूही आहे त्याच्या बाबतीत ते अपुरे ठरते.

दोन विकार, दोन स्वभाव

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की गेलेली दृष्टी बहुधा परत येते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात दृष्टीची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू क्षीण होत जातो आणि नेत्रगोलातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण असते. या विकाराने गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली टिकविणे एवढेच शक्य असते.

२०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नास वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू, तर ५.५ टक्के कारण काचबिंदू होते. हा दुसरा आकडा लहान दिसतो. पण देशात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. लोकसंख्येवर आधारित पाहण्यांत आढळलेल्या अशा रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना आपल्या विकाराची कल्पनाच नव्हती. दोन्ही विकार उतारवयाचे असल्याने ते एकाच डोळ्यात आढळणे स्वाभाविक आहे. अनेकांचा काचबिंदू प्रथम लक्षात येतो तो मोतीबिंदूसाठी डोळे तपासताना.

एकत्रित शस्त्रक्रियेतून काय साधते?

अशा रुग्णावर एकाच वेळी दोन्ही उपचार करता येतात. गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले जाते आणि त्याच वेळी डोळ्यातील द्रव बाहेर झिरपण्यासाठी नवा मार्ग तयार केला जातो. या दुसऱ्या प्रक्रियेला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात. एकच भूल, एकच रुग्णालय-वास, सोबत येणाऱ्या नातलगाचा एकदाच बुडणारा रोजगार, हे तिचे आर्थिक लाभ उघड आहेत. दाबासाठी रोज घालावयाचे थेंब कमी झाले किंवा बंद झाले, तर कुटुंबाचा आवर्ती खर्चही घटतो.

वैद्यकीय फलित मात्र सरसकट नाही. एकत्रित शस्त्रक्रियेची तुलना केवळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेशी करणाऱ्या नऊ चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण ६५५ रुग्ण होते. एकत्रित शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने दाब सरासरी सुमारे १.६ मिलिमीटर पारा इतका अधिक उतरलेला आढळला. परंतु पुराव्याचा दर्जा बेताचाच असल्याचेही त्यात नमूद आहे. दुसरीकडे, केवळ ट्रॅबेक्युलेक्टॉमी केल्यास दाब सामान्यतः अधिक उतरतो. नवा मार्ग व्रणामुळे बुजणे, दाब प्रमाणाबाहेर खाली जाणे, जंतुसंसर्ग होणे हे धोके एकत्रित शस्त्रक्रियेतही असतात. म्हणून सौम्य काचबिंदूत केवळ भिंग बदलून थेंब चालू ठेवणे पुरेसे ठरू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत द्रवाच्या निचऱ्याचा कोन अरुंद होतो. तेथे भिंग काढण्यानेच दाब बराच उतरू शकतो, हे पाच देशांतील ४१९ रुग्णांवरील आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. एकत्रित शस्त्रक्रियेची खरी गरज असते ती विकार पुढे गेलेल्या, थेंबांनी दाब न आवरणाऱ्या किंवा थेंब नियमित घेणे न परवडणाऱ्या रुग्णाला.

मोजमापातील त्रुटी

जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये केवळ शस्त्रक्रियांची व्याप्ती न मोजता परिणामकारक व्याप्ती मोजण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. शस्त्रक्रियेनंतर ६/१२ किंवा त्याहून चांगली दृष्टी मिळणे ही त्यातील परिणामकारकतेची कसोटी आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण काचबिंदू या कसोटीतूनही निसटतो. त्यात प्रथम कडेचे दृष्टिक्षेत्र जाते, मधली दृष्टी बराच काळ शाबूत राहते. तक्त्यावरील अक्षरे स्पष्ट वाचणारा रुग्ण कागदोपत्री यशस्वी ठरतो आणि डोळा बरा झाला असे समजून घरी राहतो. दरम्यान दाब पुन्हा वाढला, तर दृष्टिक्षेत्र नकळत आक्रसत जाते.

अर्थसाहाय्याची रचनाही अशीच अल्पकालीन आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा औषधोपचार केवळ १५ दिवसांपर्यंत त्यात येतो. एकत्रित शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे वारंवार तपासणीचे असतात आणि पुढे दाब व दृष्टिक्षेत्र यांची तपासणी आयुष्यभर करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या शेतमजुराला प्रत्येक फेरीसाठी प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी मोजावी लागते. ज्या उपचाराचा लाभ वर्षानुवर्षे मिळावयाचा, त्याचा पाठपुरावा पहिल्या पंधरवड्यानंतर रुग्णाच्या ऐपतीवर सोडणे हे सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे.

पुढील दिशा

मोतीबिंदूसाठी निवडलेल्या प्रत्येक रुग्णाचा नेत्रदाब आणि दृष्टिमज्जातंतू शस्त्रक्रियेपूर्वी तपासला जावा. काचबिंदू आढळल्यास गेलेली दृष्टी परत येणार नाही, हे रुग्णाला व नातलगांना आधीच स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेचे अनुदान एकरकमी न देता त्याचा काही भाग एक आणि तीन वर्षांनंतरच्या तपासणीशी जोडता येईल. दाबाची नियमित मोजणी तालुका पातळीवरील नेत्र-सहाय्यकाकडे सोपविल्यास रुग्णाच्या फेऱ्या वाचतील. थेंबांचा नियमित पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रातून झाला, तर उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाण कमी होईल.

शस्त्रक्रियांची संख्या वाढविण्याची क्षमता देशाने सिद्ध केली आहे. तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला आज किती दिसते, याची नोंद ठेवणे हे त्यापुढचे काम आहे. ती नोंद ठेवली गेली, तरच एकत्रित शस्त्रक्रियेवरील खर्च कोणत्या रुग्णासाठी योग्य आणि कोणासाठी अनावश्यक, याचा निर्णय पुराव्यानिशी घेता येईल.