बोटांवरचा वारसा : साम्य किती, वेगळेपण किती?

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. शंकराच्या देवालयामुळे आणि नारळी-पोफळीच्या बागांमुळे ते सर्वपरिचित आहे. येथेच काय, कोकणातील कोणत्याही घराच्या ओटीवर नातवाचा हात हाती घेऊन त्याच्या बोटांवरची चक्रे आणि शंख मोजणारी आजी भेटेल. नातू आजोबांवर गेला, असा निर्वाळाही ती देते. या निर्वाळ्यात तथ्य किती? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ठशांच्या साम्यावरून कोणी नाते ठरवू पाहतो, तर कोणी ठशांवरून मुलाची बुद्धी सांगतो म्हणून पालकांकडून पैसे घेतो.

ठसा कसा घडतो?

बोटांच्या अग्रावरील कंगोऱ्यांचे तीन मुख्य प्रकार मानतात : शंख, चक्र आणि कमान. शंख सर्वांत अधिक, चक्र त्या खालोखाल आणि कमान क्वचित आढळते. गर्भाच्या सुमारे सातव्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर लहान उंचवटे दिसू लागतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून त्यांवर कंगोरे उमटतात. उंचवटा मोठा असेल तर बहुधा चक्र आणि बसका असेल तर कमान तयार होते. उंचवट्याचा आकार व त्याच्या वाढीचा वेग यांवर जनुकांचे नियंत्रण असते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात ठशांच्या प्रकारांशी निगडित अशी 43 जनुकीय स्थाने आढळली. त्यांतील अनेकांचा संबंध हातापायांच्या वाढीशी आहे.

आकडे काय सांगतात?

लंडनच्या गाल्टन प्रयोगशाळेतील सारा होल्ट यांनी दहाही बोटांवरील कंगोऱ्यांची एकूण संख्या घेऊन कुटुंबांचा अभ्यास केला. पूर्ण साम्याला 1 मानल्यास आईवडील व मूल यांच्यातील सहसंबंध सुमारे 0.48, भावंडांतील 0.50 आणि एकसारख्या जुळ्यांतील 0.95 आढळला. पतिपत्नींमध्ये तो जवळजवळ शून्य होता. अर्थ स्पष्ट आहे : कंगोऱ्यांची संख्या बव्हंशी वारशाने येते. मात्र कंगोरा कोठे फुटतो व कोठे संपतो, हे बारकावे गर्भाशयातील दाब व वाढीतील सूक्ष्म फरक ठरवितात. म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचे ठसेही वेगळे असतात.

आपल्या राज्यातही हा विषय अभ्यासला गेला आहे. के. सी. मल्होत्रा व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील नऊ लोकसमूहांच्या कंगोऱ्यांतील वैविध्याविषयीचे संशोधन 1980 साली प्रसिद्ध केले. व्यवहारात मात्र ठशांचे मोल त्यांच्या वेगळेपणात आहे. देशातील पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला, तोही याच वेगळेपणाच्या भरवशावर.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली : ठशांवरून पितृत्व सिद्ध होत नाही. आईवडिलांच्या बोटांवर शंख असूनही मुलाच्या बोटांवर चक्र येऊ शकते, कारण हा वारसा एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा आहे. त्यामुळे ठसे जुळत नाहीत एवढ्यावरून कोणा मातेवर संशय घेणे हा अन्याय होय. नात्याचा निर्णय डीएनए चाचणीनेच आणि तोही कायदेशीर मार्गानेच व्हावा.

दुसरी : ठशांवरून बुद्धिमत्ता, स्वभाव अथवा अभ्यासक्रमाची निवड सांगता येते, या दाव्यास शास्त्रीय आधार नाही. अशा चाचण्यांसाठी शाळेचे दालन उपलब्ध करून देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी याचा विचार करावा.

शिक्षकांना या विषयाचा उत्तम पाठ घेता येईल. शाईच्या पॅडवर बोट टेकवून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या दहा बोटांची नोंद करावी आणि वर्गातील शंख, चक्र व कमान यांचे प्रमाण फळ्यावर मांडावे. मात्र आईवडिलांचे ठसे सर्वांसमोर ताडून पाहू नयेत. दत्तक आलेले मूलही त्याच वर्गात बसलेले असू शकते. पाठ संपताच ठशांचे कागद नष्ट करावेत.

आजीचा निर्वाळा अगदीच निराधार नाही. साम्य खरोखरच उतरते. परंतु प्रत्येक मूल स्वतःचा ठसा घेऊनच जन्माला येते, हेही तितकेच खरे आहे.