मूळ फुटलेली काडी कुंडीत लावताना

छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्या बांधावर फेकून दिल्या जातात. त्यांतल्या चार चांगल्या काड्या निवडून लावल्या तर फुकटात रोपे तयार होतात, हे आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तरीही काडी फुटते, पालवी येते आणि कुंडीत लावल्यावर आठ दिवसांत रोप मरते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. असे का होते आणि काय करावे, ते या लेखात पाहू.

आमचे घर हैदराबादेत विद्यानगरला. ज्या जुन्या घराच्या अंगणात आमच्या वडिलधाऱ्यांनी लावलेली अनाब-ए-शाहीची वेल होती, ते घर पाडायचे ठरले. वेल जाणार हे नक्की होते, म्हणून आम्ही तिच्या वीस काड्या घेतल्या. तीन आठवड्यांत सगळ्यांना पालवी आली. आम्हांला आनंद झाला आणि लगेच त्या मोठाल्या कुंड्यांत लावून उन्हात ठेवल्या. वीसपैकी सतरा काड्या मेल्या. उरलेल्या तिघींनी आम्हांला जे शिकविले, तेच येथे सांगत आहोत.

ही द्राक्षाची जात हैदराबादचीच म्हणायला हवी. अब्दुल बाकर खान यांनी ती १८९० च्या सुमारास येथे आणली असे मानतात. पुढे शहराभोवती तिच्या पुष्कळ बागा झाल्या. त्याआधी, १८३२ च्या सुमारास, ख्रिस्ती मिशनऱ्यांनी सेलम व मदुराईकडे द्राक्षवेल नेली होती. वेल एका गावाहून दुसऱ्या गावी गेली ती बहुधा अशा काड्यांच्याच रूपाने.

पालवी म्हणजे मूळ नव्हे

आमची चूक येथेच झाली. काडीच्या पोटात साठविलेले अन्न असते. त्या अन्नावर डोळे फुटतात आणि पाने दिसतात. त्या वेळी खाली एकही मूळ नसण्याचा संभव असतो. पाने पाणी बाहेर टाकीत राहतात आणि खालून पुरवठा होत नाही. साठा संपला की काडी सुकते. म्हणून पाने पाहून फसू नये.

काडी पेन्सिलीएवढी जाड, पक्व व तपकिरी, चार डोळ्यांची घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा व वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर तिरपा द्यावा, म्हणजे काडीचे टोक उलटे लागत नाही. दोन डोळे ओल्या वाळूत आणि दोन वर ठेवावेत. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्यांना चांगली मुळे फुटायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. एक काडी हलक्या हाताने वाळू बाजूला करून पाहावी. मुळ्या पांढऱ्या व इंच-दोन इंच लांब असतील, तर कुंडीत लावण्याची वेळ झाली. फार वाट पाहिली तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि काढताना तुटतात.

कुंडीत लावण्याची रीत

१. कुंडी वीतभर रुंदीची पुरे. मोठ्या कुंडीत मुळ्या न पोचलेली माती ओली राहून कुजते आणि मुळ्यांनाही कुजविते.

२. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग नदीची वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. ताजे शेण घालू नये, त्याच्या उष्णतेने कोवळ्या मुळ्या जळतात.

३. काम ऊन उतरल्यावर करावे. आदल्या दिवशी वाळूला पाणी द्यावे. काडी ओढून काढू नये. खालून खुरपे घालून वाळूसकट उचलावी. हवेत उघडी राहिली तर मुळ्यांवरचे बारीक केस लगेच सुकतात, आणि पाणी शोषण्याचे काम तेच केस करतात.

४. मुळ्या पसरून माती हळू सोडावी. अंगठ्याने दाबून ठोकू नये. तळातून पाणी येईपर्यंत झारीने पाणी द्यावे. पाण्याने माती आपोआप बसते.

५. दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे खुडावेत. पाने कमी झाली की मुळ्यांवरचा भार कमी होतो.

६. आठ-दहा दिवस दाट सावली, मग आठवडाभर सकाळचे कोवळे ऊन, मग हळूहळू अधिक. माती बोटभर खाली कोरडी लागली तरच पाणी द्यावे. रासायनिक खत महिनाभर नको.

उन्हाळ्यात कुंड्या झाडाखाली किंवा जाळीखाली ठेवाव्यात. पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोप मातीच्या गोळ्यासकट जमिनीत लावावे. प्लॅस्टिकची पिशवी वापरली असेल, तर ती आधी कापून काढावी.

मोठी बाग करावयाची असेल आणि पाणी कमी किंवा खारट असेल, तर महाराष्ट्रातील बागाईतदारांप्रमाणे डॉगरिज खुंट लावून त्यावर कलम भरावे. खुंटाच्या काडीलाही हीच काळजी लागते.

आरोग्याच्या दोन गोष्टी

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. डासाच्या अंगात हिवतापाचे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी शेजारच्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिले होते. तेव्हा या गावच्या माणसाला डासाची आठवण वेगळी करून द्यायला नको!

काड्या छाटताना चाकू लागला, तर जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. शेण वा माती लावू नये. शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात. दवाखान्यात जाऊन इंजेक्शनविषयी विचारावे.

आमच्या तीन वेलींपैकी एक गच्चीवर मांडवाला लागली आहे व दोन गावी गेल्या. प्रभू येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी सांगितले आहे. ते चटकन उगवले, पण मूळ नसल्याने उन्हात करपले. आमच्या सतरा काड्यांचे तेच झाले. घरातल्या मुलांचेही असेच असते. चार गोष्टी पाठ झाल्या, चारचौघांत बोलू लागली, म्हणजे तयार झाली असे आपण समजतो आणि एकदम उन्हात सोडतो. आधी मूळ धरू द्यावे, थोडी सावली द्यावी, आणि मग ऊन दाखवावे.