रहस्यकथा, विज्ञान आणि धर्म : एका कादंबरीविषयीची वाचकमते

(द्वितीय वर्ष, कला)

एखादी कादंबरी चांगली की वाईट, हे ठरविण्याचे काम आपण बहुधा समीक्षकांवर सोपवितो. परंतु जी पुस्तके लाखो लोक वाचतात, त्यांच्या बाबतीत सामान्य वाचकांची मतेही अभ्यासण्याजोगी असतात. वाचकाच्या मतावरून पुस्तकाविषयी कळतेच. शिवाय पुस्तक उघडण्यापूर्वी त्याच्या मनात काय होते, तेही कळते. डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘एंजल्स अँड डीमन्स’ ही २००० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. ती मी शब्दकोश जवळ ठेवून इंग्रजीत वाचली आणि वाचून झालेल्यांशी चर्चा केली. त्या मतांची थोडी छाननी करण्याचा हा प्रयत्न.

कथानक थोडक्यात असे. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या प्रख्यात संशोधनसंस्थेत लिओनार्दो व्हेत्रा या शास्त्रज्ञाचा खून होतो. हा शास्त्रज्ञ पाद्रीही आहे. त्याच्या छातीवर ‘इल्युमिनाटी’ या गुप्त मंडळाचे नाव डागलेले असते. त्याने तयार केलेले पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जाऊन व्हॅटिकनमध्ये दडविले जाते. तेथे नव्या पोपच्या निवडीसाठी कार्डिनल जमलेले असतात. त्यांतील चौघांना पळवून नेऊन दर तासाला एकाचा बळी घेण्याची धमकी येते. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन आणि व्हेत्राची दत्तक मुलगी व्हित्तोरिया रोममधील शिल्पांच्या खुणांवरून मारेकऱ्याचा माग काढतात. २००९ साली रॉन हॉवर्ड यांनी यावर चित्रपट काढला.

पहिले मत रंजनाचे. पुस्तक हातातून खाली ठेववत नाही, असे बहुतेक सर्वजण म्हणतात, आणि ते खरे आहे. प्रकरणे लहान, प्रत्येकाच्या शेवटी नवा पेच, आणि डोक्यावर सतत टिकटिकणारे घड्याळ! पात्रे मात्र पुठ्ठ्याची वाटतात, अशी तक्रारही ऐकू येते. तीही रास्तच आहे. धावत्या गाडीतून माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत.

दुसरे मत इतिहासाच्या अभ्यासकांचे, आणि ते कडक आहे. लेखकाने आरंभीच्या टिपेत रोममधील कलाकृती व वास्तू खऱ्या असल्याचे सांगून इल्युमिनाटी मंडळही खरे असल्याचे म्हटले आहे. मंडळ खरे होते. परंतु ॲडम वाइसहाउप्ट याने ते बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे १ मे १७७६ रोजी स्थापन केले आणि काही वर्षांतच तेथील राज्यकर्त्याने त्यावर बंदी घातली. गॅलिलिओ १६४२ साली वारला, शिल्पकार बर्निनी १६८० साली. मग हे दोघे या मंडळाचे सभासद कसे असतील? तसेच कोपर्निकसला चर्चने ठार मारल्याचे एक पात्र सांगते. वस्तुतः कोपर्निकस १५४३ साली वयाच्या सत्तराव्या वर्षी आजारपणाने वारला, आणि त्याने आपला ग्रंथ पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केला होता.

याचा अर्थ संघर्ष नव्हताच, असा मात्र नाही. जोर्दानो ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळले. त्याच्यावरील आरोप मुख्यतः धर्ममतांविषयीचे होते, तरी शिक्षा विचारांबद्दलचीच होती. १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालवून त्याला आपले मत मागे घ्यावयास लावले, आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. त्याच्या बाबतीत चूक झाल्याचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केले ते १९९२ साली. खरा इतिहासच इतका दाहक असताना त्याला खोट्या फोडणीची गरज का भासावी, हा अभ्यासकांचा प्रश्न मला योग्य वाटतो.

तिसरे मत विज्ञान शाखेच्या मित्रांचे. प्रतिद्रव्य ही कल्पित वस्तू नव्हे. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणातून त्याची चाहूल लागली, आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन हा प्रतिकण सापडला. सर्नमध्ये १९९५ साली प्रतिहायड्रोजनचे अणू तयार झाले. पाव ग्रॅम प्रतिद्रव्य तेवढ्याच साध्या द्रव्याशी भिडले, तर दहा हजार टनांहून अधिक टीएनटीइतकी ऊर्जा बाहेर पडेल. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे पंधरा हजार टनांचा होता. म्हणजे धोक्याचे गणित फारसे चुकलेले नाही. चुकले आहे ते उत्पादनाचे. सर्नने स्वतःच खुलासा केला आहे, की तेथे आजवर तयार झालेले सर्व प्रतिद्रव्य एकत्र केले, तरी विजेचा एक दिवा जेमतेम काही मिनिटे जळेल!

चौथे मत श्रद्धावानांचे. हे पुस्तक चर्चची बदनामी करते, असे काहींना वाटते. चित्रपटाच्या वेळी रोमच्या धर्मप्रांताने आपल्या चर्चमध्ये चित्रीकरणास परवानगी नाकारली होती. परंतु चित्रपट आल्यावर व्हॅटिकनच्याच ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने त्याला निरुपद्रवी करमणूक ठरविले. एकाच धर्मसंस्थेतून अशी दोन मते यावीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुख्य प्रश्न. ही कादंबरी विज्ञानाच्या बाजूची की धर्माच्या? येथे शेवट सांगणे भाग आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांनी क्षमा करावी. इल्युमिनाटीचा सारा बनाव दिवंगत पोपचा निकटचा सेवक, तरुण पाद्री कार्लो व्हेन्त्रेस्का यानेच रचलेला असतो. विज्ञानाच्या साहाय्याने ईश्वराची निर्मिती सिद्ध करू पाहणाऱ्या व्हेत्राचा त्याला धाक वाटतो. लोकांची श्रद्धा टिकविण्यासाठी त्याला एक शत्रू हवा असतो, म्हणून तो जुना शत्रू उकरून काढतो. ‘विज्ञानविरोधी’ आणि ‘धर्मविरोधी’ असे दोन्ही शिक्के मारणारे वाचक येथेच घाईने पुढे जातात. शत्रुत्व काही वेळा मुद्दाम निर्माण केले जाते, हा या कथेचा गाभा आहे.

प्रत्यक्ष इतिहासही हेच सांगतो. विश्वाचा आरंभ एका ‘आद्य अणू’पासून झाला, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली या सिद्धान्ताला धर्माच्या आधाराला घेतले, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. विज्ञानाचा सिद्धान्त विज्ञानाच्याच कसोटीवर उतरला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्याच सिद्धान्ताला विरोध केला तो निरीश्वरवादी शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी. आपले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी. त्यांनीही महास्फोटाच्या कल्पनेवर अखेरपर्यंत शंका घेतली. म्हणजे येथे पाद्री सिद्धान्ताच्या बाजूने आणि नास्तिक विरोधात! हा वाद कोणाची श्रद्धा मोठी यावर झुकला नाही; १९६५ साली जाहीर झालेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या शोधाने तो बव्हंशी महास्फोटाच्या बाजूला झुकला.

हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. शिकून मुलगी देवाधर्माला पारखी होईल, असे नातेवाईक त्यांना ऐकवतात. इकडे काही मित्र माळ म्हणजे अडाणीपणा समजतात. दोघांनीही जणू एकच रहस्यकथा वाचली आहे, तिच्यात फक्त दोन छावण्या आहेत. मला मात्र वडिलांना लमेत्रची गोष्ट सांगता आली. ते म्हणाले, “मग त्या पाद्र्यानं भजन आणि हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवला म्हणायचा!” इतक्या मोजक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

तेव्हा ही कादंबरी अवश्य वाचावी. परंतु वाचताना तिच्यातील प्रत्येक ‘सत्य’ ग्रंथालयातील दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहावे. छापलेले ते खरे, असे मानण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना घरातून मिळालेली असते, कारण आपल्या घरी छापलेले फारसे नव्हतेच. ती सवय मोडण्यास एखादी रहस्यकथा उपयोगी पडली, तर तिचे वाचन व्यर्थ गेले असे कोणी म्हणू नये.