समान कामाची तक्रार

कामाच्या ठिकाणी आपल्याला डावलले जाते हे जाणवणे वेगळे आणि ते कायद्यापुढे सिद्ध करणे वेगळे. वेतनातील भेदभावाच्या तक्रारीत सारा भार एकाच प्रश्नावर येऊन पडतो: ज्याला जास्त वेतन मिळते त्याचे काम आणि तक्रारदाराचे काम एकच आहे काय? भारतात या प्रश्नाची कसून तपासणी झाली ती मुंबईतील एका लघुलेखिकेच्या दाव्यात.

समान कामासाठी स्त्रीपुरुषांना समान वेतन मिळावे, असे संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात म्हटलेले आहे. परंतु ते राज्यासाठी घालून दिलेले मार्गदर्शक तत्त्व होय. केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून अंमलबजावणी करवून घेता येत नाही. तशी वाट मोकळी झाली ती २६ सप्टेंबर १९७५ च्या अध्यादेशाने आणि त्याची जागा घेणाऱ्या १९७६ च्या समान वेतन अधिनियमाने. महागडा दिवाणी दावा न लावता नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय या अधिनियमाने केली.

मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकोस्टा यांनी असा अर्ज केला तो जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपल्यावर. नोकरीत असताना अशी तक्रार करणे किती जणांना परवडते, हे वाचकाला वेगळे सांगावयास नको. त्या गोपनीय लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी वेतन दिले गेले, अशी त्यांची तक्रार होती. दोघांचे काम सारखेच असल्याचे प्राधिकाऱ्याने मान्य केले, आणि तरीही अर्ज फेटाळला! कारण असे देण्यात आले की, हे वेतन कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्यानुसारच ठरलेले आहे. अपिलात १९८२ मध्ये हा निर्णय फिरला व सात हजार रुपयांहून थोडी अधिक थकबाकी देण्याचा आदेश झाला. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी हरली आणि मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिची याचिका फेटाळली. एवढ्याशा रकमेसाठी जवळजवळ दहा वर्षे गेली, ही गोष्ट निकालाच्या आनंदात विसरता येण्याजोगी नाही.

कंपनीच्या बचावातील मुद्दे आजही ठिकठिकाणी ऐकू येतात. या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करतात, म्हणून त्यांचा वर्गच निराळा, हा पहिला मुद्दा. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे की, त्या जागांवर केवळ स्त्रिया असतील तर व्यवस्थापनाने त्यांना तेथे नेमले म्हणून. पुरुषांचे काम करण्यास त्या अपात्र आहेत असे त्यातून सिद्ध होत नाही. तुलना करताना पदाचे नाव न पाहता प्रत्यक्षातील काम पाहावे आणि किरकोळ फरकांना महत्त्व देऊ नये. संघटनेने सही केलेला समझोता कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. आर्थिक अडचणीची सबबही चालत नाही. संघटनाच कधीकधी स्त्रियांचे हित सौद्यात सोडून देते, हे यातील कटू सत्य होय.

१९७६ चा अधिनियम आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये तो विलीन झाला आहे. मूळ तत्त्व तेच आहे. मात्र कौशल्य, श्रम व जबाबदारी या तीन कसोट्यांना अनुभव ही चौथी कसोटी जोडली गेली आहे, आणि मालकाच्या बाजूने बहुधा तिचाच आधार घेतला जाईल. पुरुषांचे वेतन खाली आणून समानता साधण्याची पळवाट मात्र बंदच आहे.

हक्काची रक्कम मागण्याचा अर्ज कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. विलंबास सबळ कारण असल्यास ती शिथिल होऊ शकते. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. रक्कम चुकती केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. काम सारखे आहे की नाही यावरच वाद असेल, तर त्याचा निर्णय त्यासाठी अधिसूचित केलेला प्राधिकारी करतो. तेथे ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे वाक्य पुरत नाही. कोणते काम, कोणाच्या हाताखाली, किती तास, कोणत्या जबाबदारीने केले आणि तेच काम दुसरे कोण करीत होते, हे तारीखवार मांडावे लागते. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, कामवाटपाचे लेखी आदेश हे सारे नोकरी सुटण्यापूर्वीच जपून ठेवलेले बरे. नंतर ते कार्यालयाच्या कपाटात बंद होतात. एकाच आस्थापनेतील अनेक जणींची तक्रार असल्यास त्यांना मिळून एकच अर्ज करता येतो.