रावस म्हणजे सॅल्मन नव्हे : लिंबू-बटर सॉस दोघांना चालतो, आच मात्र वेगळी



शॅकच्या मेनूवर 'इंडियन सॅल्मन' लिहिलेलं असतं आणि ताटात येतो आपला रावस. आता घरगुती गिऱ्हाईकही मार्केटात येऊन विचारतं, "सॅल्मन आहे का?" आपण सवयीने मान हलवतो आणि रावसाची तुकडी कापून देतो. ते गिऱ्हाईक घरी जाऊन मोबाइलवर सॅल्मनची रेसिपी बघतं, तेवढाच वेळ रावस तव्यावर ठेवतं आणि मासा कापसासारखा कोरडा होतो. मग दोष कुणाला? तुमच्या माशाला. म्हणून आज दोन्ही माशांची ओळख आणि दोन्हींना चालणारा साधा सॉस शिकून घेऊ.

दोन माशांत फरक काय?

अटलांटिकचा खरा सॅल्मन थंड पाण्यातला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. आपल्या अरबी समुद्रात तो नाही. दुकानात मिळतो तो बहुतेक नॉर्वेसारख्या देशातला, समुद्रातल्या पिंजऱ्यात पाळलेला. त्याचा केशरी रंग खाण्यातून येतो. कोळंबी शिजली की जी लाली दिसते, तोच रंग सॅल्मनच्या मांसात उतरतो.

रावस वेगळ्याच कुळातला. छातीच्या पराखाली लोंबणारे चार दोरे ही त्याची खूण. गढूळ पाण्यात त्या दोऱ्यांनी चाचपत तो खाणं शोधतो. मांस पांढरं, थोडी गुलाबी झाक असलेलं.

स्वयंपाकात महत्त्वाचा फरक चरबीचा. पाळलेल्या सॅल्मनच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १३ ग्रॅम चरबी असते. रावसात त्यापेक्षा बरीच कमी. चरबी असली की आच थोडी जास्त झाली तरी मासा सांभाळून घेतो. रावस तसं करत नाही, दोन मिनिटं जास्त झाली की गेला.

मासा तयार करताना

१. चार माणसांना साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅमचे चार तुकडे. जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर. मधला काटा काढून, साल ठेवून लांब काप घ्या. रावसाचे खवले नीट काढा. बारीक काटे बोटाने चाचपून चिमट्याने ओढा.

२. सॅल्मन गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून सुटा करा. हवाबंद पाकीट असेल तर आधी फोडा. गरम पाण्यात टाकू नका, आणि एकदा सुटा झालेला मासा परत गोठवू नका.

३. आपली सवय अशी की मासा आला की लिंबू, मीठ, हळद लावून अर्धा तास ठेवायचा. इथे लिंबू लावायचं नाही. लिंबाचा आंबटपणा मांस आधीच घट्ट करतो, मग तव्यावर ते भुसभुशीत होतं. फक्त मीठ आणि मिरी, १५ मिनिटं आधी.

४. तव्यावर टाकण्याआधी स्वच्छ फडक्याने कोरडा पुसा. ओला मासा भाजत नाही, वाफेवर शिजतो आणि साल चिकटून फाटते.

तव्यावर

तवा चांगला तापवा, एक चमचा तेल घाला. बटर आत्ता नको, ते लगेच करपतं. मासा सालीकडून ठेवा आणि उलथन्याने पहिली अर्धी मिनिट हलकं दाबून धरा, म्हणजे साल आकसत नाही. मग आच मध्यम करा.

सॅल्मन : सालीवर ५ ते ६ मिनिटं, उलटून १ ते २ मिनिटं.
रावस : सालीवर ४ मिनिटं, उलटून दीड ते दोन मिनिटं. काप पातळ असेल तर आणखी कमी.

घड्याळापेक्षा मासा बघा. सर्वात जाड जागी सुरीचं टोक घालून बघा. पाकळ्या सुटतात आणि आतला काचेसारखा भाग दुधाळ झाला की झालं. सॅल्मनवर पांढरा साका फुटू लागला तर घाबरू नका, मासा खराब नाही. आच जास्त झाल्याची ती खूण आहे, लगेच उतरवा.

सॉस

साहित्य : थंड बटर ६० ग्रॅम (छोटे चौकोनी तुकडे), दोन लिंबांचा रस, एका संत्र्याचा रस, दोन लसूण पाकळ्या बारीक चिरून, थोडी लिंबाची किसलेली साल, मिरी, कोथिंबीर.

सॉस लोखंडी तव्यात करू नका. आंबट रसाने तो काळपट होतो आणि लोखंडाची चव लागते. स्टीलचं छोटं भांडं घ्या.

बटरच्या एका तुकड्यात लसूण परता, लाल होऊ देऊ नका. दोन्ही रस घालून निम्मे होईपर्यंत आटवा. आता भांडं गॅसवरून खाली घ्या. उरलेलं बटर एकेक तुकडा टाकत सतत ढवळा. बटरमध्ये चरबीबरोबर थोडं पाणीही असतं. थंड बटर हळूहळू विरघळलं की दोन्ही एकजीव होऊन सॉस दाट राहतो. उकळलं की तेल वेगळं सुटतं. तसं झालंच तर चमचाभर गार पाणी घालून जोरात घुसळा, बहुधा सावरतं.

सालीचा फक्त वरचा रंगीत भाग किसा, खालचा पांढरा भाग कडू. संत्र्याऐवजी मोसंबी घेऊन आटवू नका, तिचा रस गरम केल्यावर कडवट होतो. बाजारचं बटर बहुतेक खारं असतं, म्हणून मीठ चाखूनच घाला. सॉस माशाच्या बाजूला ओता, सालीवर नको, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. सोबत उकडलेला बटाटा किंवा साधा भात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

"सॅल्मन आहे का?" असं विचारलं तर सरळ सांगा, "हा रावस, आपल्या समुद्रातला, ताजा. सॅल्मनसारखा करायचा असेल तर दोन मिनिटं आधी उतरवा." खोटं नाव सांगून एकदा मासा खपेल, पण घरी कोरडा झाला की ते गिऱ्हाईक परत तुमच्या पाटीपाशी येणार नाही. खरं नाव आणि एक उपयोगी सूचना दिली तर पुढच्या वेळी ते रावसच मागत येईल.

या रविवारी घरी करून बघा. आधी आपल्या घरच्यांनी चाखलं, तर विकताना छातीठोक सांगता येईल.