शेतांतील व्हिडिओ : त्याचा आकार, आकुंचन व गुण

खेड तालुक्यांतील शेतकऱ्याच्या हातीं अलीकडे जीं नवीं अवजारें आलीं आहेत, त्यांत मोबाईलचा कॅमेरा हें एक होय. भाताच्या पानावर ठिपके दिसले, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले किंवा काजूच्या कोंवळ्या फुटीवर ढेकण्याचे डाग दिसूं लागले, कीं शेतकरी बांधावर उभ्याउभ्या त्याचा व्हिडिओ घेतो आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील अथवा कृषिखात्यांतील जाणत्या माणसाकडे पाठवितो. पूर्वीं रोगट पान कागदांत गुंडाळून तीसएक किलोमीटर दूर दापोलीस न्यावें लागे. आतां तें चित्ररूपानें घरबसल्या पोहोंचतें. ही सोय मोठीच आहे. परंतु पोहोंचलेलें चित्र पाहून "कांहीं स्पष्ट दिसत नाहीं" असें उत्तर आलें, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कीं पाठविण्याच्या रीतीचा, हें शेतकऱ्यास उमगत नाहीं. पुष्कळ वेळां दोष रीतीचा असतो. म्हणून व्हिडिओची फाईल कशी बनते, ती लहान कशी होते, आणि लहान होतांना तिच्यांतून काय गळून जातें, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ हौसेचा नव्हे, हें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. भातावर 'करपा' व 'कडा करपा' असे दोन निरनिराळे रोग पडतात. करपा बुरशीपासून होतो. त्याचे ठिपके मध्यें रुंद व दोन्ही टोंकांस निमुळते, म्हणजे डोळ्याच्या आकाराचे असून त्यांचा मध्य राखी व कडा तपकिरी असते. कडा करपा जिवाणूंपासून होतो. त्यांत पान शेंड्याकडून व कडांनीं नागमोडी रेषेनें पिवळें पडत जाऊन अखेर पेंढ्याच्या रंगाचें होतें. बुरशीचें औषध जिवाणूंवर चालत नाहीं. तेव्हां ठिपक्याची कडा व त्याचा मध्य ह्यांतील रंगाचा भेद ओळखतां आला नाहीं, तर औषधाचे पैसे, फवारणीची मजुरी आणि हंगामाचे मोलाचे दिवस वायां जातात. आणि आश्चर्य हें कीं, नेमका हाच बारीक भेद फाईल लहान करतांना प्रथम नाहींसा होतो.

चित्र म्हणजे बिंदूंचा वाफा

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झरझर दाखविलेलीं स्थिर चित्रें होत. मोबाईलमध्यें बहुधा एका सेकंदास ३० चित्रें घेतलीं जातात. लावणीच्या वेळीं वाफ्यांत चूड ओळींनीं लावावे, तसे प्रत्येक चित्रांत बारीक बिंदू ओळींनीं मांडलेले असतात. '१०८०' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मापांत आडवे १,९२० व उभे १,०८०, मिळून २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन अंकांनीं सांगतात, आणि प्रत्येक अंकास एक बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्रास ६२,२०,८०० बाइट, एका सेकंदास सुमारें १८७ मेगाबाइट आणि एका मिनिटास सुमारें ११.२ गिगाबाइट झाले. ह्या हिशेबानें ६४ गिगाबाइट साठ्याचा मोबाईल सहा मिनिटांच्या आंतच भरून जावयास पाहिजे. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. आयफोनच्या सेटिंगमध्येंच जे अंदाजी आकडे दिलेले असतात, त्यांवरून पाहतां अशा एका मिनिटाच्या व्हिडिओस जुन्या पद्धतीनें १३० व नव्या पद्धतीनें ६० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे मूळ मालाचा ऐशीं-नव्वदावा किंवा त्याहूनही लहान अंश उरतो. हें जें घडतें त्यास कॉम्प्रेशन म्हणतात. आम्ही त्यास आकुंचन म्हणूं.

आकुंचनाच्या युक्त्या

आकुंचन दोन प्रकारचें असतें. पेंढा आंवळून भारा बांधला, तर त्याची जागा कमी होते. पण भारा सोडला कीं काडी न काडी पूर्ववत् मिळते. कागदपत्रांची झिप फाईल ह्या जातीची होय. दुसरा प्रकार भात भरडून व सडून पांढरा तांदूळ करण्यासारखा आहे. वजन उतरतें व माल देखणा दिसतो. पण गेलेला कोंडा तांदुळास पुन्हां चिकटत नाहीं. मोबाईलवरील व्हिडिओ ह्या दुसऱ्या जातीचा असतो. त्यांतून काय काढावयाचें, हें तीन युक्त्यांनीं ठरतें.

पहिली युक्ति रंगाची. मनुष्याच्या डोळ्यास उजेडाचा बारीक फरक चांगला समजतो. रंगाचा तितका समजत नाहीं. म्हणून प्रत्येक बिंदूचा उजेड ठेवितात, पण रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकच ठेवितात. एवढ्यानेंच माल निम्मा होतो. माणसाच्या चेहऱ्यास ह्यानें बाध येत नाहीं. पण पानावरील टांचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्याची पिवळसर कडा आसपासच्या हिरव्या रंगांत मिसळून जाते.

दुसरी युक्ति एकाच चित्राच्या पोटांतील आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकांतील उजेडाचे चढउतार गणितानें मोजतात. त्यांतील ठळक चढउतार ठेवितात व बारीक तेवढे सोडून देतात. ह्या कामाचें मूळ गणित बंगळूरचे नासिर अहमद ह्यांनीं टी. नटराजन् व के. आर. राव ह्यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. १९९२ सालच्या जेपेग फोटोंत व पुढील बहुतेक सर्व व्हिडिओपद्धतींत त्याचाच उपयोग झाला. ही छाटणी मर्यादेबाहेर गेली, म्हणजे चित्रावर चौकडीच्या घोंगडीसारखे चौकोन उठतात.

तिसरी युक्ति एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतची होय. एका सेकंदांतील तीस चित्रें बहुशः सारखींच असतात. म्हणून एक चित्र पूर्ण लिहितात आणि पुढील चित्रांत फक्त काय बदललें व कोणता भाग कोणीकडे सरकला, एवढेंच नोंदवितात. ह्यांतील मर्म शेतकऱ्यानें नीट ध्यानांत ठेवावें. चित्रांत जितकी हालचाल अधिक, तितकी ही युक्ति लंगडी पडते. आणि आमच्या कोंकणांत भाताचा हंगाम म्हणजे पावसाच्या सरी, वाऱ्यानें डोलणारीं रोपें व हेलकावणारें पाणी; त्यांत धरणाराचा हातही हलतो. प्रत्येक थेंब व प्रत्येक पातें हें यंत्रास नवीन वाटतें. त्यास जागा तर ठराविकच दिलेली असते, म्हणून तें बारकावा सोडून देतें. त्याच कॅमेऱ्यानें घरांत घेतलेलें चित्र स्वच्छ, आणि शेतांतील चित्र मात्र गढूळ, असें कां होतें, ह्याचें एक मोठें कारण हें आहे.

पेटी निराळी, माल निराळा

फाइलीच्या नांवाच्या शेवटीं एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही अशीं अक्षरें असतात. हीं पेटीचीं नांवें होत, मालाचीं नव्हत. पेटींत चित्र, आवाज, तारीख आणि कधीं कधीं घेतल्याची जागा, असा निरनिराळा ऐवज एकत्र ठेविलेला असतो. आंतील चित्र कोणत्या पद्धतीनें आवळलें, हा प्रश्न वेगळा. त्या पद्धतींत २००३ सालची एच.२६४, २०१३ सालची एच.२६५ आणि २०१८ सालची एव्ही१ ह्या मुख्य होत. एच.२६५ पद्धतीनें तोच गुण राखून एच.२६४ च्या मानानें सुमारें निम्म्या जागेंत काम भागतें. परंतु जुन्या मोबाईलांत व संगणकांत ती कधीं कधीं उघडत नाहीं. म्हणून पेटी ओळखीची असूनही चित्र काळें दिसतें किंवा नुसता आवाज येतो. अशा वेळीं फाइलीचें नांव बदलून उपयोग नाहीं. पायरीच्या पेटीवर हापुसाची चिठ्ठी लावल्यानें आंतील फळ बदलत नाहीं. समोरच्याचें यंत्र जुनें असेल, तर चित्र घेण्यापूर्वींच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें एच.२६४ निवडावें.

आकाराचा हिशेब

फाईल किती मोठी होईल, हें बिंदूंच्या संख्येवर नव्हे, तर एका सेकंदास किती बिट खर्चिले, ह्यावर ठरतें. ह्यास बिटरेट म्हणतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. सेकंदास ८ मेगाबिट ह्या दरानें ६० सेकंदांचे ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट होतात. हें गणित पाटाच्या पाण्यासारखें आहे. पाटांतून येणारें पाणी तेवढेंच ठेवून वाफे चौपट केले, तर प्रत्येक वाफ्यास चौथाईच पाणी मिळतें. तसेंच बिटरेट न वाढवितां '४के' हें चौपट बिंदूंचें माप निवडलें, तर आंकडा मोठा दिसतो, पण चित्र सुधारतेंच असें नाहीं. उलट एकदां लहान केलेली फाईल पुन्हां मोठ्या मापांत साठविली, तर जागा वाढते. गेलेला ठिपका परत येत नाहीं.

पाठविण्याचा वेळही ह्याच रीतीनें काढतां येतो. डोंगरांच्या कुशींतील गांवांत सिग्नल मंद असतो. वेग सेकंदास २ मेगाबिट धरला, तर १३० मेगाबाइटांच्या फाइलीस ८ मिनिटें ४० सेकंद लागतील. तीच चित्रफीत २० सेकंदांची असेल, तर तीन मिनिटांच्या आंत काम होईल. तेव्हां गुण कमी करण्यापेक्षां लांबी कमी करणें हें केव्हांही हिताचें होय.

पाठवितांना होणारी हानि

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमींच्या रीतीनें पाठविला, म्हणजे तो वाटेंत पुन्हां आवळला जातो. आधींच सडलेला तांदूळ पुन्हां सडावा, तसा हा प्रकार आहे. आलेली प्रत कोणी पडद्यावरून पुन्हां टिपून घेतली किंवा दुसऱ्या ॲपांतून काढून पुढें पाठविली, तर प्रत्येक वेळीं आणखी कांहीं जातें. शिवाय मूळ फाइलींतील वेळ व जागा ह्यांची नोंदही ह्या खटाटोपांत गळून पडते. ह्यावर सोपा उपाय असा कीं, तीच फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी. तशी पाठविली असतां ती न आवळतां, आहे तशी पोहोंचते. २ गिगाबाइटांपर्यंतची फाईल अशी पाठवितां येते.

रोगापुरतेंच हें नव्हे. २२ जुलै २०२१ रोजीं जगबुडी नदीचें पाणी खेड शहरांत शिरलें व काठच्या जमिनींचीही नासाडी झाली. असें पाणी ओसरल्यावर पंचनामा होईपर्यंत चिखल वाळतो, उन्मळलेलें रोप कुजतें आणि मोबाईलवरील चित्र हीच काय ती साक्ष उरते. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें न्यायालयांत असा पुरावा दाखल करतांना जें प्रमाणपत्र द्यावें लागतें, त्यांत फाइलीची हॅश नांवाची, गणितानें काढलेली ओळखसंख्या नमूद करावी लागते. फाइलींत एका बिटाचा फरक पडला तरी ही संख्या बदलते. ह्यावरून मूळ फाईल व तिची आवळलेली प्रत ह्या कायद्याच्या दृष्टीनेंही एक नव्हत, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

व्यवहारांत काय करावें

(१) कॅमेऱ्याची कांच स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसावी. पावसांत दुसऱ्यानें छत्री किंवा इरलें धरून आडोसा करावा.

(२) माप १०८० व सेकंदास ३० चित्रें ठेवावीं. रोग दाखविण्यास एवढें पुरे होतें.

(३) कोंपर बरगडीस टेकवून किंवा मोबाईल मेढीस टेकवून स्थिर धरावा. रोगट पान दुसऱ्या हातानें धरून त्याचें डोलणें थांबवावें.

(४) प्रथम दहा सेकंद सर्व वाफा, नंतर दहा सेकंद एक रोप जवळून घ्यावें. चालत चालत घेऊं नये.

(५) पानावरील डागासाठीं व्हिडिओबरोबर दोन-तीन स्थिर फोटो अवश्य घ्यावे. १ कोटि २० लक्ष बिंदूंच्या फोटोंत १०८० मापाच्या एका चित्राच्या सुमारें सहापट बिंदू असतात. व्हिडिओचा खरा उपयोग हालचालीसाठीं, जसें तुडतुड्यांचें उडणें किंवा बांध फुटून वाहणारें पाणी.

(६) फोटो व व्हिडिओ दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

(७) मूळ फाईल पुसूं नये, तिच्यांत काटछांट करूं नये. लहान करावयाची असेल तर प्रत करून ती लहान करावी, आणि मूळ फाईल संगणकांत व पेन ड्राइव्हमध्यें अशी दोन ठिकाणीं ठेवावी.

बियाण्याचें भात आपण वेगळें काढून जपून ठेवितों. तें भरडून खात नाहीं. मूळ फाइलीस तोच नियम लागू आहे. तिच्यापासून लहान प्रती हव्या तितक्या निघतील, पण लहान प्रतींपासून मूळ कधींही निघणार नाहीं. येत्या हंगामांत आमच्या सभासद बंधूंनीं एवढी खबरदारी घेतली, तर बांधावरचा ठिपका दापोलीस पोहोंचेपर्यंत ठिपकाच राहील, आणि योग्य औषध योग्य वेळीं पडेल.