सांताक्लॉज नावाचे गाव

नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण. त्या रात्री एक म्हातारबाबा येतो आणि मुलांना खेळणी देऊन जातो, असे मुले मानतात. त्याची दाढी पांढरी. अंगरखा लाल. त्याचे नाव सांताक्लॉज.

अमेरिकेत इंडियाना राज्यात एका गावाचे नावच सांताक्लॉज आहे. १८५६ सालापासून हे नाव चालत आले. नाव ऐकून आईबाप मुलांना घेऊन तिथे जायचे. मुले विचारायची, "सांताक्लॉज कुठाय?" काय सांगणार? गावात सांताक्लॉज नव्हताच!

लुइस कुक नावाचे एक कारखानदार होते. नऊ मुलांचा बाप! मुलांची अशी निराशा त्यांना बघवेना. १९४६ च्या ऑगस्टात त्यांनी तिथे बाग उघडली. बागेत खेळण्यांचे दुकान होते, छोटी आगगाडी होती, आणि खुद्द सांताक्लॉज बसलेला! ऑगस्ट म्हणजे तिकडे उन्हाळा. अंगरख्यात घाम येत असेल बिचाऱ्याला. आधी तिकीट नव्हते. १९५५ पासून मोठ्यांना अर्धा डॉलर पडू लागला, मुले मात्र फुकट. १९८४ साली बागेचे नाव बदलले. आता मोठाले पाळणेही आहेत.

आम्हांला मात्र त्या गावचे पोस्ट अधिक आवडते. मुले सांताक्लॉजला पत्रे लिहितात, ती इथे येतात. १९१४ साली तिथल्या पोस्टमास्तरांनी उत्तरे धाडायला सुरुवात केली. आजही डिसेंबरात गावकरी बिनपगारी बसून उत्तरे लिहितात. पत्रात मुलाने आपला पत्ताच लिहिला नसेल, तर मात्र त्यांचाही इलाज चालत नाही.